लेकराला कांजिण्या आल्यात : वाचकांचे प्रश्न, बालरोगतज्ज्ञांची उत्तरं

सोलापुरातली जानेवारीची गड्ड्याची जत्रा उलगडली आणि ऊन चटकायला लागलं की आमच्या टपालात कांजिण्यांची पत्रं वाढतात. हिवाळा सरत आल्यापासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत हा आजार जास्त फिरतो, त्यामुळे यात नवल नाही. या वेळी सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं घेतली आहेत. पत्रं पाठवणाऱ्यांची नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

मुलगा पाच वर्षांचा, वजन 16 किलो. काल संध्याकाळी अंग गरम लागलं, आज सकाळी पोटावर-पाठीवर आठ-दहा लाल ठिपके दिसले. सासूबाई म्हणतात उष्णतेचं आहे, सासरे म्हणतात ढेकूण चावले. कांजिण्याच आहेत हे कसं ओळखायचं? आणि असतील तर आजपासून नेमकं काय करायचं?
— एक आई, जुळे सोलापूर

आधी डोकं बघा. केसांत ठिकठिकाणी भांग पाडून टाळू तपासा. पाच वर्षांच्या मुलाचं घामोळं बहुधा मान, पाठ आणि काखा धरून असतं. कांजिण्या केसांतही येतात. मग संध्याकाळी आणि उद्या सकाळी पोट परत बघा. लाल ठिपक्यावर पाण्याचा थेंब ठेवावा तसा पातळ पापुद्र्याचा फोड आला, त्यातलं पाणी गढूळ होऊन फोड मधे बसला आणि शेजारीच नवा ठिपका उगवला, तर शंका उरत नाही. ठिपका, फोड आणि खपली या तिन्ही अवस्था एकाच वेळी एकाच पोटावर दिसणं ही कांजिण्यांची खूण. ढेकूण उघड्या अंगाला, बरेचदा ओळीने चावतात आणि ताप आणत नाहीत. पोट-पाठ मोकळी आणि फोड तळहात, तळपाय, ढुंगण आणि तोंडात असतील तर तो बहुधा हात-पाय-तोंडाचा वेगळा आजार असतो. बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ आणि रात्री वाढणारी खाज असेल तर खरुजेचा विचार करावा. पहिल्या दोन दिवसांत एकदा डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्या. जाण्याआधी दवाखान्यात फोन करून सांगा, म्हणजे तान्ही बाळं बसलेल्या खोलीत तुम्हाला थांबावं लागणार नाही.

आता भिंतीवरचं कॅलेंडर घ्या आणि पहिला ठिपका दिसला त्या तारखेला गोल करा. पुढचे सगळे निर्णय (शाळा, धाकट्याची लस, डॉक्टरांची गोळी) या तारखेवर ठरतात आणि चौथ्या दिवशी घरात कुणालाच ती नक्की आठवत नाही.

पहिले 3 ते 5 दिवस नवे फोड लाटेलाटेने येत राहतात. लस न घेतलेल्या मुलाच्या अंगावर 250 ते 500 फोड येऊ शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग भरून येतं तेव्हा बरीच घरं घाबरतात आणि डॉक्टर बदलतात. ते औषध उलटल्याचं लक्षण नव्हे, आजाराचीच चाल तशी आहे. सहाव्या-सातव्या दिवसापर्यंत बहुतेक फोडांवर खपली धरते. खपल्या गळायला आणखी एक ते दोन आठवडे लागतात.

तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. मात्रा वजनावर ठरते, वयावर नाही : दर किलोला 10 ते 15 मिग्रॅ. तुमच्या मुलाचं 16 किलो वजन धरलं तर एका वेळी 160 ते 240 मिग्रॅ. आता बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. 5 मिलीत 250 मिग्रॅ लिहिलं असेल तर साडेचार मिली पुरे. 5 मिलीत 120 किंवा 125 मिग्रॅ असेल तर 9 मिली लागेल. घोळ इथेच होतो. जुनी 120 ची बाटली संपते, दुकानातून 250 ची येते, आई सवयीने तेवढेच मिली देते आणि मात्रा दुप्पट होते. लहान बाळांच्या थेंबांच्या बाटलीत तर 1 मिलीत 100 मिग्रॅ असतं. ते चमच्याने कधीच देऊ नये. मोजायला बाटलीबरोबरचं माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा, घरातले चमचे एकसारखे नसतात. दोन मात्रांमध्ये 6 तास, फारच तळमळत असेल तर किमान 4 तास जाऊ द्या. चोवीस तासांत चारच्या वर मात्रा नकोत. मूल खेळतंय, पाणी पितंय आणि ताप 100 आहे, तर औषध दिलं नाही तरी चालतं. बर्फाच्या किंवा थंडगार पाण्याच्या पट्ट्या नकोत. अंगावर काटा येतो, मूल कुडकुडतं आणि आतला ताप उतरत नाही.

खाज हा या आजारातला खरा छळ. तिच्यासाठी पहिलं औषध म्हणजे नेलकटर. आजच हातापायांची नखं कापून कडा घासून गुळगुळीत करा आणि दिवसातून चार-पाच वेळा हात साबणाने धुवा. रात्री हातात सुती पायमोजे घाला. पाच वर्षांचं मूल ऐकण्याइतकं मोठं असतं. खाज आली तर खाजवायचं नाही, तळव्याने थापटायचं, हे त्याला शिकवा.

कॅलामाइन लोशन लावायचं असेल तर बाटली चांगली हलवा, कापसाने फक्त फोडांवर पातळ थर द्या, दिवसातून तीन-चारदा. आधीचा थर धुतल्याशिवाय दुसरा चढवू नका. जाड थर वाळून तडकतो, कातडी ओढली जाते आणि खाज उलट वाढते. डोळ्यांजवळ, तोंडात आणि लघवीच्या जागी ते लावू नये. त्या जागी फोड असतील तर लघवी करताना मूल रडतं आणि मग लघवी धरून ठेवतं. लघवी करत असताना वरून तांब्याने कोमट पाणी सोडा, आग कमी होते. खाजेमुळे रात्रभर झोप नसेल तर डॉक्टर झोपण्यापूर्वीचं अँटिहिस्टामिन सिरप लिहून देतात. त्याची मात्रा त्यांच्याकडूनच घ्या. कॅलामाइनमध्ये अँटिहिस्टामिन मिसळलेलं लोशन मात्र अंगभर फासू नका, ते जखमांतून अंगात मुरतं.

कपडे सैल, सुती आणि जुने असावेत. अंथरायला आजीची धुऊन मऊ झालेली सुती साडी किंवा धोतर सगळ्यांत चांगलं. आपल्याकडची प्रसिद्ध चादर या दिवसांत घडी करून ठेवा. ती जाड असते, घाम येतो आणि घामाने खाज वाढते. टेरी टॉवेलही नकोत. त्यांच्या फासांत खपली अडकते. साधा पंचा घ्या आणि अंग पुसू नका, टिपा.

घरात आजी म्हणतात, बाई आल्यात, औषध द्यायचं नाही, सात दिवस आंघोळ नाही, पंखा नाही, फोडणीचा वास येऊ द्यायचा नाही. दाराला निंबाचा पाला बांधलाय, अंथरुणातही घातलाय. सून म्हणते हे सगळं सोडा. मधल्यामध्ये माझी पंचाईत झालीय. कुणाचं ऐकू?
— एक वडील, भवानी पेठ

दोघींचंही थोडं-थोडं.

आजींच्या मनात देवी आहेत. देवीचा रोग त्यांच्या पिढीने पाहिलेला आहे. त्यात माणसं मरत होती, डोळे जात होते, वाचलेल्यांच्या चेहऱ्यावर वण राहत होते. भारतात देवीचे शेवटचे रुग्ण 1975 मध्ये सापडले आणि 1980 मध्ये जगातून हा रोग गेल्याचं जाहीर झालं. कांजिण्यांचा विषाणू त्याहून अगदी वेगळ्या कुळातला आहे. देवीत सगळे फोड एकाच अवस्थेत असत आणि चेहरा-हातपाय जास्त भरत. कांजिण्यांत पोट-पाठ जास्त भरते. दोन्हींना घरात एकच मान मिळाला, म्हणून नियमही तेच चालत आले.

दाराचा पाला राहू द्या. पाला दिसला की शेजारपाजारचे आत येत नाहीत, लेकरं खेळायला येत नाहीत. आजार अडवायचा याहून सोपा उपाय नाही. लेकराला एका खोलीत ठेवणं, परक्याला जवळ येऊ न देणं, घर शांत ठेवणं, हे सगळं आजींचं बरोबर आहे. अंथरुणातला पाला मात्र काढा. पानांच्या कडा करवतीसारख्या असतात आणि वळवळणाऱ्या मुलाचे फोड त्यांनी खरवडले जातात. निंबाचा पाला वाटून लेप लावू नका. पाट्यावर वाटलेला ओला लेप फुटलेल्या फोडात जाणं म्हणजे जंतूंना आमंत्रण. पाला उकळून गाळलेलं पाणी आंघोळीच्या पाण्यात घालायला हरकत नाही. त्याने कांजिण्या लवकर बऱ्या होतात असं नाही, पण आजींचं समाधान होतं आणि आंघोळही होते.

आंघोळ रोज व्हायलाच हवी, आणि पहिल्या दिवसापासून. आंघोळीने फोड आत जातात हे खरं नाही. सात दिवस घाम, धूळ आणि नखांचा मळ फोडांवर राहिला की ते पिकतात आणि पिकलेल्या फोडाचाच खोल वण राहतो. पंखाही हवा. सोलापुरात मार्च-एप्रिलमध्ये खोली बंद करून मुलाला घामाने निथळू देणं ही त्याला शिक्षाच आहे. कूलर असेल तर तोही चालतो, फक्त झोत थेट अंगावर नको आणि टाकीतलं पाणी बदललेलं असावं. फोडणीने कांजिण्यांना काही होत नाही. पण ती बंद ठेवल्यानेही नुकसान नाही, तेव्हा त्यावरून घरात भांडण करू नका.

औषध द्यायचं नाही हा एक नियम मात्र अजिबात पाळू नका. तापाला पॅरासिटामॉल आणि खाली सांगितलेली धोक्याची लक्षणं दिसली तर तडक दवाखाना, यात तडजोड नाही.

आमच्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी. रोज आंघोळ घाला म्हणणं सोपं आहे.
— विडी घरकुल परिसरातून

तक्रार रास्त आहे. पण यासाठी एक बादलीसुद्धा लागत नाही, 5-6 लिटर पुरतात. पाणी कोपराला कोमट लागेल इतपत, कडत नको. गरम पाण्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि तासाभराने खाज दुपटीने येते. मुलाला घमेल्यात किंवा टबात बसवा. आधी मान, काखा, जांघा या घडीच्या जागा हाताने हलकेच धुवा, मग तांब्याने डोक्यापासून पाणी सोडा. साबण लावायचाच तर सौम्य, हातावर फेस करून. घासणी, दगड, डाळीचं पीठ, उटणं काही नको. टबात साठलेलं पाणी पाच-दहा मिनिटं अंगावर ओतत राहा.

ओट्स मिळत असतील तर अर्धी वाटी साधे, बिनमसाल्याचे ओट्स मिक्सरमधून मैद्यासारखे बारीक करा. चिमूटभर पीठ पेलाभर पाण्यात टाकून बघा. पाणी दुधाळ झालं तर पीठ जमलं, तळाशी बसलं तर आणखी फिरवा. त्यातले तीन-चार चमचे शेवटच्या दोन-तीन लिटर पाण्यात ढवळून अंगावर सोडा आणि वरून साधं पाणी न घेता अंग टिपा. टबात पाय घसरतो, हात धरून ठेवा. वापरलेलं पाणी संडासात ओता, वाया जात नाही.

पाणी खरंच नसेल त्या दिवशी ओल्या सुती फडक्याने काखा, जांघा आणि हात तरी टिपून घ्या. पिण्याच्या पाण्यात काटकसर मात्र नको. कपडे-पांघरुणं साध्या धुण्याच्या पावडरीने धुऊन कडक उन्हात वाळवली की झालं. हा विषाणू अंगाबाहेर फार टिकत नाही, गादी जाळायची किंवा टाकायची गरज नसते.

मुलीच्या तोंडात फोड आहेत, दोन दिवस काही गिळत नाही. पथ्य काय?
— एक आजी, साखर पेठ

आजी, पथ्य एवढंच की झोंबेल ते नको. शेंगाची चटणी, तिखट, लोणचं, लिंबू, आंबट ताक, खारे चिवडे आणि कडक भाकरी आठवडाभर बाजूला. ज्वारीच्या कण्या गोड ताकात गार करून, दूधभात, मऊ मुगाची खिचडी, शिरा, केळं, ताजं दही, थंड दूध, कुल्फीसुद्धा चालते. थंडाव्याने तोंड बधिर होतं आणि पुढचे चार घास जातात. जेवणाच्या अर्धा तास आधी पॅरासिटामॉलची वेळ जुळवली तर गिळणं सोपं होतं. साध्या पाण्याच्या चुळा भरायला लावा. हळद, तुरटी, मीठ तोंडात लावू नका.

दोन दिवस जेवण कमी झालं तर बिघडत नाही, पाणी कमी झालं तर बिघडतं. दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-तीन चमचे असं देत राहा. ओआरएसची मोठी पुडी असेल तर ती पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायची. अर्धी पुडी पेलाभर पाण्यात असा अंदाज केला की मिठाचं प्रमाण चुकतं. केलेलं पाणी 24 तासांनी ओतून द्या. सहा-आठ तास लघवीच झाली नाही, ओठ-जीभ कोरडी पडली, रडताना डोळ्यांत पाणी येईना, तर घरी थांबू नका.

मेडिकलमधून तापाचं जरा स्ट्राँग सिरप आणलं, त्यावर आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल असं लिहिलंय. खाजेसाठी एक ट्यूबही दिली. चालेल ना?
— एक वाचक, बाळे

नाही. दोन्ही बंद करा.

कांजिण्यांत फोडाच्या जागेतून स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जंतू कातडीखाली खोल शिरू शकतो. आयबुप्रोफेन घेतलेल्या मुलांत असा खोल संसर्ग जास्त आढळल्याचं अनेक पाहण्यांत दिसलं आहे. औषधाने संसर्ग वाढतो, की आतल्या संसर्गाचं दुखणं जास्त असल्यामुळे ते औषध दिलं जातं, यावर वाद आहे. पण पॅरासिटामॉल हाताशी असताना ही जोखीम घ्यायची कशाला? मेफेनॅमिक अॅसिडचं सिरपही त्याच जातीचं. अॅस्पिरिन तर मुलांना कांजिण्यांत कधीच नको, त्याने यकृत आणि मेंदूला सूज येणारा रे सिंड्रोम हा दुर्मीळ पण जीवघेणा आजार होऊ शकतो. घरातल्या मोठ्यांच्या डोकेदुखीच्या विरघळणाऱ्या गोळ्यांत बरेचदा अॅस्पिरिनच असतं. पाकीट वाचल्याशिवाय अर्धी गोळी सुद्धा मोडून देऊ नका.

ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. खाज दोन तासांत थांबते म्हणून लोकांना ते आवडतं. पण त्या जागेची प्रतिकारशक्ती ते दाबून टाकतं आणि विषाणूला, जंतूला मोकळं रान मिळतं. तीन-तीन औषधं एकत्र केलेल्या ट्यूबांत ते हमखास असतं. मूल दम्यासाठी किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी आधीपासून पोटातून स्टेरॉइड घेत असेल तर ते मनाने थांबवू नका. अशा मुलाला कांजिण्यांचा संसर्ग झालेल्या कुणाशी नुसता संपर्क आला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

अँटिबायोटिकचं सिरपही लगेच नको. कांजिण्या विषाणूच्या आहेत, त्यावर ते चालत नाही. फोड पिकले तरच ते लागतं. विषाणूवर चालणारं औषध म्हणजे असायक्लोव्हिर. ते पहिला ठिपका दिसल्यापासून 24 तासांत सुरू झालं तर उपयोगाचं. बारा वर्षांखालच्या धडधाकट मुलाला ते सहसा लागत नाही. बारा वर्षांवरची मुलं, जुना त्वचारोग किंवा दमा असलेली मुलं आणि घरातल्या पहिल्याकडून लागण झालेलं दुसरं मूल, यांच्यासाठी डॉक्टर ते विचारात घेतात. गोलाची तारीख इथे पहिल्यांदा कामाला येते.

आज आठवा दिवस. चौथ्या दिवशी उतरलेला ताप काल परत चढला. मांडीवरचा एक फोड लाल, गरम, हात लावू देत नाही. किती दिवस वाट बघायची?
— एक आई, शेळगी

हे पत्र मिळालं त्याच दिवशी ताईंना फोनवर दवाखान्यात पाठवलं आहे. असे प्रश्न कृपया टपालाने पाठवू नका. आम्ही छापेपर्यंत थांबायची यात सवड नसते.

गेलेला ताप परत येणं ही सगळ्यांत मोठी खूण समजा. साध्या कांजिण्यांत ताप तीन-चार दिवसांत उतरतो आणि उतरलेला राहतो. चार दिवसांनंतरही 102 च्या वर असेल किंवा परत चढला तर आत जंतुसंसर्ग झाल्याचा संशय घ्यायचा. फोडाभोवती लाली पसरत चालली आहे का हे बघायला लालीच्या कडेला बॉलपेनने रेघ मारा. दोन-तीन तासांत लाली रेघेबाहेर गेली तर रात्र आहे म्हणून थांबू नका. दिसतं त्या मानाने दुखणं फार जास्त असेल, मूल पाय टेकत नसेल, तरीही तसंच.

दुसरी खूण चालण्यात दिसते. फोड वाळायला लागल्यावर, साधारण आठवड्याने, मूल झोकांड्या देत चालतं, पेला धरताना हात थरथरतो. ही मेंदूच्या तोल सांभाळणाऱ्या भागाची सूज असते आणि बहुतेक मुलं त्यातून पूर्ण बरी होतात. पण ती तशीच आहे की आणखी काही, हे तपासूनच ठरतं. सतत उलट्या, गुंगी, विचित्र बडबड, मान ताठ होणं, झटका, धाप किंवा छातीत ओढ, फोडांत रक्त उतरणं, डोळ्याच्या बुबुळाजवळ फोड, यांपैकी काहीही दिसलं तर नेहमीचा दवाखाना बंद असला तरी सिव्हिलचा तातडीचा विभाग गाठा.

मोठ्याला कालपासून कांजिण्या. धाकटी तीन वर्षांची, तिला सरकारी सगळ्या लसी झाल्यात. मी स्वतः चौथ्या महिन्यात आहे, मला लहानपणी आल्या होत्या का ते माहेरी कुणाला आठवत नाही.
— एक वाचक, अक्कलकोट रोड

आधी तुमचं, कारण ते जास्त घाईचं आहे. आजच प्रसूतितज्ज्ञांना फोन करा, थेट बाह्यरुग्ण विभागात जाऊन बसू नका. त्या रक्तातली कांजिण्यांची आयजीजी तपासणी सांगतील. ती पॉझिटिव्ह आली, म्हणजे कधीतरी होऊन गेल्या आहेत, तर निश्चिंत राहा. निगेटिव्ह आली तर संपर्कापासून 10 दिवसांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं, तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन देण्याचा विचार होतो. पहिल्या 20 आठवड्यांत आईला कांजिण्या झाल्या तर बाळाला इजा होण्याचा धोका असतो, पण तो थोडा आहे, शंभरात दोनच्या आत. गर्भपाताचा सल्ला कुणी शेजारी देईल, तो मनावर घेऊ नका. खुद्द आईला न्यूमोनिया होण्याची भीती त्याहून मोठी. अंगावर एक जरी फोड दिसला तरी त्याच दिवशी औषध सुरू व्हायला हवं. मुलाची आंघोळ, औषध, जेवण आता ज्याला कांजिण्या होऊन गेल्या आहेत अशा माणसाकडे द्या. तुम्हाला लस मात्र आता घेता येणार नाही, गरोदरपणात ती देत नाहीत.

प्रसूतीच्या आधी 5 दिवस ते नंतर 2 दिवस या काळात आईला फोड आले तर नवजात बाळ खऱ्या धोक्यात असतं. शेवटच्या महिन्यातल्या वाचकांनी हे आकडे लिहून ठेवावेत.

आता धाकटी. सरकारी मोफत लसीकरणात कांजिण्यांची लस नाही. गोवर-रुबेलाची असते, आणि तिने कांजिण्या थांबत नाहीत. या दोन्हींत बरीच घरं फसतात. कांजिण्यांची लस खासगी दवाखान्यात विकत घ्यावी लागते : पहिला डोस 15 महिन्यांनंतर, दुसरा किमान 3 महिन्यांनी. तेरा वर्षांपुढे दोन डोसांत चार ते आठ आठवड्यांचं अंतर. संपर्क आल्यापासून 3 दिवसांत, फार तर 5 दिवसांत दिली तर ती आजार टाळू शकते किंवा सौम्य करते. मोठ्याच्या ठिपक्यांचा आज दुसरा दिवस आहे आणि ठिपक्याआधी एक-दोन दिवस तो पसरवत होताच. म्हणून उद्यावर ढकलू नका.

लस हुकली तर पुढचं गणित असं. एका घरात राहणाऱ्या, संरक्षण नसलेल्या दहा जणांपैकी नऊ जणांना लागण होते. संपर्कानंतर 10 ते 21 दिवसांत, बहुधा चौदाव्या ते सोळाव्या दिवशी ठिपके येतात. जत्रेत 14 जानेवारीला संपर्क आला असेल तर 24 जानेवारी ते 4 फेब्रुवारी डोळ्यात तेल घालून बघायचं. घरातल्या दुसऱ्या मुलाला बहुधा पहिल्यापेक्षा जास्त फोड येतात, कारण एका खोलीत राहून त्याच्या अंगात विषाणूही जास्त जातो. या काळात लग्न, बारसं, आजारी नातेवाइकाची भेट टाळा.

वर्गात तिघांना झाल्यात. किती दिवस सुट्टी द्यावी? पालक खपल्या पूर्ण पडेपर्यंत पाठवत नाहीत, तर काही जण तिसऱ्याच दिवशी आणून सोडतात.
— एक शिक्षिका, मोहोळ

शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत सुट्टी. ते साधारण पहिल्या ठिपक्यापासून सहा-सात दिवसांनी होतं. पाच दिवसांच्या आत तर नकोच. खपल्या गळेपर्यंत थांबायची गरज नाही. देवीच्या खपल्यांत विषाणू जगायचा, कांजिण्यांच्या वाळलेल्या खपलीतून लागण होत नाही. लस घेतलेल्या मुलांना आल्याच तर पन्नासाहून कमी ठिपके येतात आणि कित्येकांवर पाण्याचा फोड धरतच नाही. अशांना सलग 24 तास नवा ठिपका आला नाही की घ्या. वर्ग बंद करून उपयोग नसतो, लागण ठिपके दिसण्याआधीच झालेली असते. पण वर्गात कुणी कर्करोगाचे उपचार घेत असेल, किंवा सहकारी शिक्षिका गरोदर असेल, तर त्यांना पहिला रुग्ण कळताच, त्याच दिवशी सांगा.

सासऱ्यांना कमरेवर नागीण उठलीय. नातवाला कांजिण्या होत्या म्हणून त्यांना झाली का?
— मंगळवेढ्याहून

नाही, उलटं होऊ शकतं. नागीण त्यांच्याच लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू. मज्जातंतूंच्या गाठींत पन्नास वर्षं झोपलेला असतो तो जागा होतो. त्यांच्या फोडातल्या पाण्यातून, कांजिण्या न झालेल्या लेकराला कांजिण्या होतात. फोड कापडाने झाकून ठेवायला सांगा. नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो ही निव्वळ भीती आहे, पण पुरळ उठल्यापासून 72 तासांत गोळ्या सुरू केल्या तर पुरळ लवकर वाळतं आणि दुखणं हलकं राहतं, म्हणून मांत्रिकाकडे दिवस घालवू नका.

डाग राहिलेत. लिंबू लावू का?
— एक कॉलेजकन्या, बार्शी

लिंबू नको, उन्हात त्याने कातडी भाजल्यासारखी काळी पडते. काळे-तपकिरी डाग आपल्या वर्णात बरेच महिने रेंगाळतात आणि आपोआप फिके होतात. खपल्या आपणहून पडल्यावर रात्री साधं खोबरेल किंवा व्हॅसलीन, दिवसा बाहेर पडताना सनस्क्रीन आणि स्कार्फ. खोल खड्डा राहिला असेल तर सहा महिने ते वर्षभर थांबा, तो काही अंशी भरून येतो. त्यानंतर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि नाकाशेजारची ती शेवटची खपली सुटत नाहीये म्हणून लिहिलं आहे, ती ओढू नका.